चांदोलीत चार दिवस, मामांबरोबर

पहिला दिवस : सागरेश्वर

मामा आदल्या रात्रीच सांगलीला आले होते. पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल, तंबाखूची चंची आणि मामीनं बांधून दिलेल्या नाचणीच्या भाकरी. सत्तरीला त्यांना एक वर्ष कमी आहे. १९९८ साली त्यांचं गाव उठलं तेव्हा ते ऐन चाळिशीत होते. त्या मुलुखाला आज चांदोली राष्ट्रीय उद्यान म्हणतात. उठल्यापासून ते तिकडं एकदाही गेले नव्हते. मी कधी विषय काढला तर ‘जाऊन काय बघायचं’ एवढंच म्हणायचे. यंदा मार्चमध्ये त्यांचाच फोन आला. “पोरा, मे म्हैन्यात तुला सुट्टी आसंल न्हवं? मला गाव दाखवून आण.”

मी शाळेत इतिहास शिकवतो. आठवीतल्या एका मुलीनं मागं एकदा विचारलं होतं, “सर, राष्ट्रीय उद्यानात झोपाळे असतात का?” उद्यान म्हटलं की बाग, बाग म्हटली की झोपाळे आणि कारंजं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. शब्दच तसा आहे. मी तिला थोडक्यात उत्तर दिलं, पण ते माझं मलाच अपुरं वाटलं, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. मामांचा फोन आला तेव्हा वाटलं, आता जे कळेल ते पुस्तकातून नाही, त्यांच्याबरोबर चालून कळेल.

चांदोलीला जायच्या आधी सागरेश्वर बघायचं, हे मी ठरवलं होतं. पलूस, ताकारी करत सकाळी आठला दारात पोचलो. दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षबागा, आणि मधे हे झाडीनं भरलेले डोंगर. कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या हद्दीवरचं हे अभयारण्य अवघं १०.८७ चौरस किलोमीटरचं आहे. पण महाराष्ट्रात याची जातकुळी वेगळी. हे डोंगर एकेकाळी उघडेबोडके होते. मोहित्यांचे वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसं जमवली, झाडं लावली, ती जगवली. मग कुंपण घालून सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे इथं आधी माणसाचा हात आहे आणि मग जंगल.

मामांना हे खरं वाटेना. चालता चालता ते बुंध्यांना हात लावून बघत होते.

“ही लावल्याली हायत?”

“बरीचशी.”

“मानसानं?”

मी म्हटलं, हो. ते एका झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. आमच्या समोरून चितळांचा कळप वाट ओलांडून गेला. त्यातली एक मादी थांबली, कान आमच्याकडं वळवले आणि निघून गेली. इथली चितळं वाढली तशी काही पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे चांदोली ज्यात येतं त्या जंगलात, नेऊन सोडली आहेत, वाघाला भक्ष्य हवं म्हणून. हे सांगितल्यावर मामा म्हणाले, “म्हंजे हितली हरणं आमच्या गावाकडं ऱ्हायला गेली.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या पाव्हण्याची चौकशी करावी तसं ते बोलले.

भाकरी सोडून सावलीला बसलो. तिथंच मी त्यांना यलोस्टोनची गोष्ट सांगितली. १ मार्च १८७२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी एका कायद्यावर सही केली आणि जवळपास नऊ हजार चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरला. जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात, रंगीबेरंगी गरम झरे आहेत, खोल दरी आहे. ही जमीन विकायची नाही, तिच्यावर कुणी घर बांधायचं नाही, ती लोकांच्या हितासाठी आणि आनंदासाठी राखायची, असं ठरलं. १९०३ साली उद्यानाच्या दारात दगडी कमान उभी राहिली, तिच्यावर हेच शब्द कोरलेत. राजाची शिकारीची राखीव रानं जगभर होती. आपल्याकडंही होती. पण जंगल राजाचं नाही, सावकाराचं नाही, सगळ्या देशाचं आहे, हा विचार तेव्हा नवा होता, आणि मला तो आजही मोठा वाटतो.

पण गोष्ट तिथं संपत नाही. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १८३२ मध्ये, जॉर्ज कॅटलिन नावाच्या चित्रकारानं अशा राष्ट्राच्या उद्यानाची कल्पना मांडली होती. त्याच्या कल्पनेत रानरेड्यांचे कळप होते आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसंही होती. उद्यान प्रत्यक्षात आलं तेव्हा जनावरं राहिली, माणसं गळली. शोशोनी, बॅनॉक, क्रो अशा जमाती त्या डोंगरांत शिकार करायच्या, कंदमुळं गोळा करायच्या, तिथल्या काळ्या काचदगडाची हत्यारं करायच्या. त्यांना हळूहळू बाहेर काढलं. १८८६ पासून १९१८ पर्यंत त्या उद्यानाची राखण सैन्यानं केली.

मामांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला होता. “त्यांस्नी बदली जमीन दिली का?”

“राखीव वस्त्यांमध्ये नेऊन बसवलं.”

“वस्त्यांत,” ते म्हणाले. मामा ज्या गावठाणात राहतात त्याला सगळे वसाहतच म्हणतात.

परतताना देवराष्ट्र्यात थोडं थांबलो. यशवंतराव चव्हाणांचा जन्म इथला, १९१३ चा. संध्याकाळी वाळवा तालुक्यात मामांच्या वसाहतीत मुक्काम केला. सरळ आखलेले रस्ते, एका मापाचे प्लॉट, चारी बाजूंना ऊस. मोठ्या मामींनी, म्हणजे मामांच्या थोरल्या भावाच्या बायकोनं, आमच्या कपाळाला अंगारा लावला आणि मामांना सांगितलं, “भावजी, देवाला नारळ फोडा. इसरू नगा.”

दुसरा दिवस : शिराळा, बिळाशी, वारणावती

ईश्वरपूर, म्हणजे कालपरवापर्यंतचं इस्लामपूर, मागं टाकलं की जमीन बदलायला लागते. सपाटी मोडते, उसाच्या मधे मधे भाताची खाचरं दिसतात. बत्तीस शिराळ्यात चहा घेतला. नागपंचमीचं शिराळा सगळ्या देशाला माहीत आहे. घरोघर जिवंत नाग पुजायची इथली रीत वन्यजीव कायद्यानं बंद पडली. चहावाल्याशी त्यावर बोलणं झालं. तो म्हणाला, नाग जगला पाहिजे हे आम्हालाही कळतं, पण आमची पोरं नागाला भिऊ लागलीत, पूर्वी भीत नव्हती. या वाक्यावर मी पुढचे दहा किलोमीटर विचार करत होतो. कायद्यानं जनावर वाचतं हे खरं. जनावराबरोबर राहण्याची सवय कायद्यानं वाचत नाही.

पुढं वाट वाकडी करून बिळाशीला गेलो. वारणेच्या काठचं हे गाव १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं. मी वर्गात तो धडा दरवर्षी शिकवतो आणि गाव घरापासून एवढं जवळ असून कधी आलो नव्हतो, याची खंत वाटली. मुंबई इलाख्यात १८४७ सालीच सरकारी जंगल खातं सुरू झालं. डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन त्याचे पहिले वनसंरक्षक. १८७८ च्या कायद्यानं राखीव जंगलं आखली गेली, १९२७ च्या कायद्यानं ती घडी पक्की झाली. काल जिथं गाय चरत होती तिथं आज गाय चारणं गुन्हा झाला. फाटी, गवत, पानं, राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, लागणारा पाला, सगळ्याला परवाना लागू लागला. सरकारला रेल्वेचे स्लीपर आणि जहाजांना साग हवा होता. शेतकऱ्याला चूल पेटवायची होती. मिठाच्या सत्याग्रहाला आमच्याकडं समुद्र नव्हता, म्हणून लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. बिळाशीत पोलीस आले, गोळीबार झाला, माणसं तुरुंगात गेली.

गावातल्या पारावर बसलो असताना मामा म्हणाले, “आमचा आज्जा सांगायचा. ह्या गावची मानसं रानात लपायला वर आमच्याकडं आलती म्हून.” खरं खोटं पारखायला माझ्याजवळ साधन नाही. आजोबांनी सांगितलं आणि नातवानं लक्षात ठेवलं, तेवढं मी इथं नोंदवतो. पण एक गोष्ट मनातून जाईना. याच खोऱ्यानं १९३० मध्ये जंगलावरचा आपला हक्क सोडायचा नाही म्हणून मार खाल्ला, आणि पुढं याच खोऱ्याच्या वरच्या अंगाच्या गावांनी तोच हक्क सोडून दिला. पहिल्या वेळी मागणारं सरकार परकं होतं. दुसऱ्या वेळी मागितलं ते देशाच्या नावानं.

कोकरूड, चरण, आरळा करत दुपारी वारणावतीला पोचलो. धरणाची वसाहत ती हीच. धरण मातीचं, साठा ३४.४० टीएमसी, जलाशयाचं नाव वसंतसागर. काही गावांना आधी धरणानं उठवलं, उरलेल्यांना पुढं अभयारण्यानं. प्रवेशाची परवानगी, जीप आणि गाईड यांची व्यवस्था करण्यात संध्याकाळ गेली. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, म्हणून मे महिना साधला होता. धरणाच्या भिंतीकडं तोंड करून मामा अंधार पडेपर्यंत बसले. पाण्याखाली गेलेल्या एकेका गावाकडं बोट करून त्यांनी कुणाची सोयरीक कुठं होती ते सांगितलं. समोर नुसतं पाणी होतं.

तिसरा दिवस : उद्यानात

पहाटे साडेपाचला मणदूरची वाट धरली. बरोबर गाईड होता, तिशीतला, याच भागातला. पुढं एक वनरक्षक आम्हाला येऊन मिळाले. मामांची ओळख करून दिली तेव्हा वनरक्षकांनी गाव विचारलं. मामांनी नाव सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “या तात्या. तुमच्याच दारात चाललोय.” नकाशावर ते नाव आता सापडत नाही. मामांनीही इथं लिहू नको म्हणून सांगितलं, म्हणून लिहीत नाही.

गेटातून आत शिरलं की दहा मिनिटांत उजेड हिरवा होतो. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा, अधूनमधून आंबा आणि फणस, खाली कारवी. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी ही कारवी सह्याद्रीच्या उतारावरची माती धरून ठेवते. तिच्या काठ्यांना माती लिंपून घरांच्या भिंती व्हायच्या. मामांचं घर तसंच होतं. वर कुठंतरी शेकरूचा खडखडाट ऐकू आला. गाईडनं बोट दाखवलं, तांबूस शेपटी एका फांदीवरून दुसरीवर गेली. पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला गवा उभा होता. एकटा नर, गुडघ्यापासून खाली पांढरे पायमोजे घातल्यासारखा. जीप थांबली. त्यानं आमच्याकडं बघितलं, फुरफुरला आणि कारवीत शिरला. एवढं मोठं जनावर, पण आवाज नाही झाला.

मग झाडी संपून झोळंबीचा सडा लागला. जांभ्या दगडाचं मोकळं पठार, मेमध्ये वाळलेलं, गवत पिवळं. वारा भरभरून येत होता. पावसाळ्यानंतर हेच फुलांनी भरतं. वनरक्षक सांगत होते, इथं अस्वल, सांबर, भेकर, रानकुत्रे, बिबटे सगळे आहेत. मामा भलतंच बघत होते. “हितं वरी पेरायचो,” ते म्हणाले. “तितं नाचना. ते खालचं, तितं भात.” त्यांनी दाखवल्यावर मला बांध दिसायला लागले. गवताखाली दडलेली, उताराला धरून गेलेली दगडांची ओळ. मग दुसरी. मग तिसरी. मघापासून मी ज्याला निसर्ग म्हणत होतो, त्यातली कितीतरी जमीन कुणीतरी पाठीवर दगड वाहून घडवलेली होती.

हे मला या प्रवासात सगळ्यात खोल लागलं. आपण राष्ट्रीय उद्यानाला ‘अस्पर्श’ म्हणतो. पण इथलं जंगल माणसांच्या हाताखालून आलेलं आहे. त्यांनी राब भाजला, वरी पेरली, जमीन थकली की पडीक सोडली, पुन्हा झाड वाढू दिलं, आणि गावाची देवराई मात्र कधी तोडली नाही. वाघही तेव्हा होता. वासोटा किल्ल्याला व्याघ्रगड म्हणतात ते उगीच नव्हे.

उद्यान कसं ‘होतं’ हे मी वनरक्षकांना विचारलं. त्यांनी फार नेमकं सांगितलं, आणि मला माझ्या आठवीतल्या मुलीला द्यायचं उत्तर मिळालं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत फरक करतो. अभयारण्यात जिल्हाधिकारी लोकांचे काही हक्क चालू ठेवू शकतात, नियम घालून गुरं चारू देता येतात. राष्ट्रीय उद्यानात तसं नाही. आधी सरकार जाहीर करतं की इथं उद्यान करायचं आहे. मग तिथल्या जमिनीवरचे, वाटांवरचे, चराईचे, वनोपजाचे सगळे दावे ऐकून निकाली काढायचे असतात. एकही हक्क शिल्लक उरला नाही की शेवटची अधिसूचना निघते. त्यानंतर तिथं चराई नाही. चांदोलीला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा. मधल्या १९ वर्षांत काय झालं असेल, ते या एका वाक्यात आहे : एकही हक्क शिल्लक उरला नाही.

चांदोलीचं क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, आताचं कॉर्बेट, ८ ऑगस्ट १९३६ ला हेली नॅशनल पार्क या नावानं सुरू झालं तेव्हा ते ३२३.७५ चौरस किलोमीटरचं होतं. जवळपास एकाच मापाचे दोन तुकडे. तिकडं संयुक्त प्रांताच्या गव्हर्नरचं नाव लागलं, इकडं वारणेकाठच्या एका खेड्याचं राहिलं. याचा मला आनंद आहे. महाराष्ट्रात ताडोबा पहिलं, १९५५ चं. आज राज्यात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रात त्यांतलं चांदोली हे एकच.

नऊच्या सुमाराला मामांचं गाव आलं. आलं म्हणजे जीप थांबली. मला काही दिसलं नाही. मामा उतरले आणि सरळ चालू लागले. वनरक्षक सोबत होते म्हणूनच तेवढी मोकळीक मिळाली. झुडपांतून पाच-सहा जोती दिसली, दगडी, कोपरे अजून काटकोनात. एका जोत्यावर उंबराचं झाड. तुळशीवृंदावनाचा अर्धा भाग. फुटलेल्या जात्याची वरची तळी, पालथी पडलेली. मामा एका जोत्यापाशी थांबले, चपला काढल्या आणि पायरी चढून आत गेले. आत म्हणजे उघड्यावरच. तरी ते वाकून गेले. दाराची चौकट बुटकी असणार.

अंगणातला आंबा होता. चांगला मोठा, कैऱ्यांनी लगडलेला. खाली पडलेल्या कैऱ्यांवर माकडांनी दात मारलेले होते. मामांनी त्यांतली एक धड बघून उचलली, सदऱ्याला पुसली आणि पिशवीत टाकली. वनरक्षकांनी आधी दुसरीकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, “तात्या, इथनं काही नेता येत नाही. मला माफ करा.”

मामांनी त्यांच्याकडं बघितलं. पिशवीतून कैरी काढली आणि होती त्याच जागी ठेवली, देठ वर करून.

“बरोबर हाय तुमचं,” ते म्हणाले. “मी नेली तर उद्या आनी कोन नेईल.”

कुणीच काही बोललं नाही. वनरक्षकांचे डोळे भरले होते. ते नियम पाळत होते, आणि तो पाळला गेलाच पाहिजे याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही. एका कैरीला हो म्हटलं तर हिरड्याला नाही कसं म्हणणार, आणि हिरड्याला हो म्हटलं तर शिंगांना? पण राष्ट्रीय उद्यान या शब्दांचा अर्थ मला कुणी विचारला तर मी आता यलोस्टोनची कमान सांगणार नाही, ती परत ठेवलेली कैरी सांगेन. देशानं एक तुकडा कायमचा मोकळा सोडला हे खरं. तो सोडणारे हात मात्र ठरावीक घरांतले होते. उद्यानाच्या दारात जनावरांच्या चित्रांशेजारी उठलेल्या प्रत्येक गावाचं नाव ठसठशीत लिहिलेलं असावं, आत जाणाऱ्यानं ते वाचूनच आत जावं, असं मला मनापासून वाटतं.

मामांनी देवळाच्या जागी नारळ फोडायचं विचारलं. देव कधीच वसाहतीत नेलेला, तिथं नुसता चौथरा. वनरक्षक म्हणाले, फोडा, पण खोबरं आणि करवंट्या परत घेऊन चला. तसंच केलं. पलीकडं उताराला गावचा पाणवठा होता, दगडानं बांधून काढलेलं कुंड, डोंगरातून येणाऱ्या झऱ्याचं. मेमध्येही पाणी होतं. काठाच्या चिखलात गव्यांच्या खुरांचा नुसता चिखलकाला झाला होता आणि एका बाजूला बिबट्याचा ताजा ठसा. मामा उकिडवे बसून तो ठसा बघत राहिले.

दुपारी परतीच्या वाटेवर वाघाचा विषय निघाला. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, राज्यातला चौथा. क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटरच्या वर. पण वाघ इथं कायमचा राहत नव्हता. २०१८ मध्ये चांदोलीच्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला तेव्हा केवढी बातमी झाली. नर येत होते, पण मादी नसेल तर घर कसं वसणार? म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याहून एक तरुण वाघीण आणली आणि काही दिवस बंदिस्त जागेत ठेवून मग मोकळी केली. यलोस्टोनमध्येही असंच झालं होतं. तिथले लांडगे माणसांनी १९२६ पर्यंत मारून संपवले आणि १९९५ मध्ये कॅनडातून आणून पुन्हा सोडले. हरणांना पुन्हा धाक बसला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. “कुटल्या गावची म्हनालासा?”

“ताडोबा. चंद्रपूरकडची.”

“लांबची हाय. तिलाबी उचलूनच आनली म्हना.” थोडं थांबून म्हणाले, “रुळंल. पानी चांगलं हाय हितलं.”

रात्री वारणावतीत जेवताना मी त्यांना ब्रिटनमधल्या उद्यानांचं सांगितलं. पीक डिस्ट्रिक्ट हे तिथलं पहिलं, १९५१ चं. त्या उद्यानात गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या चरतात, लोक आपापल्या घरांत राहतात. जगात सगळीकडं उद्यान म्हणजे माणूस बाहेर असा नियम नाही. मला वाटलं होतं, हे ऐकून ते हळहळतील.

“तितं वाघ हाय?”

“नाही.”

“मंग त्येंचं सोपं हाय.” त्यांनी आमटीत भाकरी मोडली. “आमची दोन वासरं एका पावसाळ्यात बिबट्यानं नेली. दवाखान्याला जायचं तर डोलीत घालून न्यावं लागायचं. पोरांस्नी शाळा न्हाई. लोक म्हनत्यात गाव सुटलं, गाव सुटलं. मला गाव सुटल्याचं वंगाळ वाटतं, पर माझी पोरं शिकली त्याचं वाटत न्हाई. दोन्ही खरं हाय, पोरा.”

चौथा दिवस : कोयना, आणि वसाहत

सकाळी लवकर निघालो. शेडगेवाडी, उंडाळे करत कराड, तिथून पाटण, आणि दुपारच्या आत कोयनानगर. व्याघ्र प्रकल्पाचा वरचा अर्धा भाग हा. शिवसागर जलाशय, १०५ टीएमसीचा, आणि त्याच्या दोन्ही काठांवर चढत गेलेलं जंगल. कोयनेला १९८५ पासून अभयारण्याचा दर्जा आहे, उद्यानाचा नाही. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत महाराष्ट्रातली चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. चारांपैकी तीन आमच्या सातारा-सांगलीशी जोडलेली.

इथल्या धरणग्रस्तांची कथा आणखी जुनी. त्यांना उठवलं तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. लाभक्षेत्रात जमीन द्यायची, गावठाणाला रस्ता, पाणी, शाळा द्यायची, हे राज्यात कायद्यानं आलं ते १९७६ पासून पुढं, आणि लोक मोर्चे काढत राहिले म्हणून आलं. मामांच्या वाट्याला जे मिळालं त्याच्या पाठीमागं कोयनेच्या माणसांची फरफट आहे. आणि २००६ च्या वन हक्क कायद्यानंतर तर जंगलातल्या माणसाला हलवण्याआधी त्याचे हक्क नोंदवणं आणि त्याची संमती घेणं बंधनकारक झालं. मामांचं गाव त्याच्या आठ वर्षं आधी उठलं. उलट पाटण तालुक्यातली मळे, कोळणे, पाथरपुंज ही गावं आम्हाला इथून हलवा म्हणून वर्षानुवर्षं वाट बघत राहिली. उठवलं म्हणून दुःख आणि उठवत नाहीत म्हणूनही दुःख. लांबून बघणाऱ्याला हे उलटसुलट वाटेल. जिथं गुरं चारता येत नाहीत, रस्ता होत नाही आणि रात्री गवा शेतात असतो, तिथं राहणाऱ्याला वाटणार नाही.

ऊन फार होतं. नवजाकडं जायचं होतं, पण मामा थकले होते आणि ओझर्ड्याचा धबधबाही मेमध्ये कोरडाच असणार. फिरलो. दिवेलागणीला वसाहतीत पोचलो.

मोठ्या मामी ओसरीवर बसूनच होत्या. ऐंशीच्या पुढं वय, डोळ्यांना कमी दिसतं. मामांनी पुढ्यात खोबऱ्याच्या वाट्या ठेवल्या. त्यांनी त्या कपाळाला लावल्या आणि चौकशी सुरू केली. घर? जोतं हाय. आंबा? हाय, लई लागलाय. कैरीचं मामांनी सांगितलं नाही, मीही नाही. देऊळ? चौथरा हाय.

“पान्याला पानी हाय?”

“हाय, वैनी. गवं येत्यात प्यायला.”

“येऊ द्यात. आता भरायला कोन हाय तितं.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काठाला एक दगूड हुता. आमी घागर टेकवायचो. टेकवून टेकवून त्येला खळगी पडलीती. माझ्या सासूच्या आदीपासनं. त्यो हाय का?”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मला खुरांचे ठसे आठवत होते, बिबट्याचा पंजा आठवत होता, पाण्यात पडलेलं आभाळ आठवत होतं.

“त्यो न्हाय बगितला, वैनी.”

“उजव्या अंगाला हुता,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून खळगी केवढी होती ते दाखवलं.